संगीतविद्येची कवाडे उघडणारे पंडित भातखंडे

प्रास्ताविक

शाळा, दवाखाना, सहकारी संस्था, शिधावाटपाचे दुकान अशा कितीतरी व्यवस्थांशी आपला रोज संबंध येतो. प्रत्येक व्यवस्थेचा काही एक उद्देश सांगितलेला असतो. तो तिच्या नियमांत लिहिलेला असतो. कधी दारावरच्या पाटीवरही रंगवलेला असतो. परंतु सांगितलेला उद्देश हाच व्यवस्थेचा खरा उद्देश मानावा, की तिच्यातून प्रत्यक्षात जे निष्पन्न होते त्यावरून तो ठरवावा? मुंबईत जन्मलेल्या आणि लखनौमध्ये आपल्या कार्याचा कळस उभारणाऱ्या एका मराठी माणसाने हा प्रश्न संगीत शिकवण्याच्या व्यवस्थेला विचारला. त्यासाठी त्याने आपले आयुष्य वेचले. पुढे लोकांनी त्याच्या कार्यालाही हाच प्रश्न विचारला. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांची ही जीवनकथा आहे.

बालपण आणि शिक्षण

विष्णू नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीच्या दिवशी, मुंबईतील वाळकेश्वर येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती, पण घरात भजनाची आणि गाण्याची आवड होती. लहानपणी त्यांना बासरीचा नाद लागला. पुढे वल्लभदास दामुलजी यांच्याकडे ते सतार शिकू लागले.

त्या काळी सुशिक्षित मध्यमवर्गीय घरांत गाण्याला फारशी प्रतिष्ठा नव्हती. मुलाने गाण्यात वेळ घालवला तर तो वाया जाईल, असे वडीलधाऱ्यांना वाटे. विष्णूपंतांनी मात्र अभ्यास आणि संगीत या दोन्ही गोष्टी सांभाळल्या. १८८५ मध्ये ते बी. ए. झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी मिळवली. काही काळ कराचीत आणि नंतर मुंबईत त्यांनी वकिली केली. वकिलीने त्यांना एक सवय लावली. कोणी काही सांगितले तर लगेच मान डोलवायची नाही. आधी पुरावा मागायचा. ही सवय त्यांना पुढे संगीताच्या अभ्यासात फार उपयोगी पडली.

मुंबईत पारशी संगीतप्रेमींनी स्थापन केलेली गायन उत्तेजक मंडळी नावाची संस्था होती. १८८४ मध्ये भातखंडे तिचे सभासद झाले. तेथे नामवंत गवयांचे गाणे ऐकायला मिळे आणि शिकायलाही मिळे. रावजीबुवा बेलबागकर यांच्याकडून त्यांनी शेकडो ध्रुपदे घेतली. अली हुसेन खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडून ख्याल घेतले. शिकता शिकता त्यांच्या मनात शंका उभ्या राहू लागल्या. एकच राग दोन गवई दोन तऱ्हांनी गात. एक जण एखादा स्वर कोमल लावी, तर दुसरा तोच स्वर शुद्ध लावी. असे का, असे विचारले तर आमच्या घराण्यात असेच चालत आले आहे, एवढेच उत्तर मिळे. जुन्या संस्कृत ग्रंथांचा हवाला देणारे पुष्कळ होते, पण ते ग्रंथ प्रत्यक्ष वाचलेले फार थोडे होते.

बंद दारांची विद्या

त्या काळच्या संगीतशिक्षणाची रीत येथे समजून घेतली पाहिजे. विद्या घराण्यात असे. पित्याकडून पुत्राकडे, मामाकडून भाच्याकडे ती जाई. बाहेरच्या शिष्याला गुरू मनगटावर गंडा बांधून शागीर्द करून घेई. मग शिष्याने वर्षानुवर्षे गुरूच्या घरी राहावे, सेवा करावी आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा तालीम घ्यावी, असा प्रघात होता. ठेवणीतल्या चिजा बहुधा मुलासाठी किंवा जावयासाठी राखून ठेवल्या जात.

विद्या शुद्ध राहावी आणि अपात्र माणसाच्या हाती पडू नये, असा या रीतीचा उद्देश सांगितला जाई. भातखंड्यांनी तो ऐकून घेतला, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. या रीतीतून प्रत्यक्षात काय घडते, हे त्यांनी पाहिले. मूलबाळ नसलेला एखादा वृद्ध उस्ताद वारला की त्याच्याबरोबर शेकडो चिजा नाहीशा होत. काही चिजांचे शब्द पिढ्यानपिढ्यांच्या उच्चारांत इतके झिजत की त्यांचा अर्थ गाणाऱ्यालाही सांगता येत नसे. ज्याचा जन्म गवयाच्या घरी झाला नाही आणि ज्याला दहा-बारा वर्षे घरदार सोडून राहणे परवडत नाही, अशा माणसाला ही विद्या जवळजवळ अशक्यच होती. जतन करणे हा ज्या व्यवस्थेचा उद्देश सांगितला जात होता, तिच्याच हातून विद्या नष्ट होत होती.

तरीही दोष केवळ उस्तादांना देऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. चिजा हीच त्यांची मिळकत होती. शेतकऱ्याचे जसे शेत, तसा गवयाचा चिजांचा साठा. तो सर्वांना वाटून टाकला तर दरबारात आपल्याला कोण विचारणार, ही त्यांची भीती खोटी नव्हती. १८५६ मध्ये इंग्रजांनी अवधचे राज्य खालसा केले आणि नवाब वाजिद अली शाह यांना लखनौ सोडून कलकत्त्याला जावे लागले. त्यांच्या दरबाराच्या आश्रयाने जगणारे कलावंत देशोधडीला लागले. असा अनुभव ज्यांच्या गाठीशी होता, त्यांनी आपली विद्या मुठीत धरून ठेवली तर नवल नव्हते. म्हणजे या व्यवस्थेचा बोलण्यातला उद्देश विद्येचे रक्षण हा असला, तरी तिचे बरेचसे वागणे कलावंताच्या कुटुंबाच्या उपजीविकेचे रक्षण करणारे होते. व्यवस्था बदलायची असेल तर माणसांना दूषणे देऊन भागत नाही. त्यांच्या पोटाचा प्रश्नही सोडवावा लागतो, हे यातून दिसून येते.

ज्ञानासाठी भ्रमंती

१९०० मध्ये भातखंड्यांच्या पत्नीचे निधन झाले. १९०३ मध्ये त्यांची मुलगीही गेली. संसार असा उजाड झाल्यावर त्यांनी वकिली हळूहळू बाजूला ठेवली आणि उरलेले आयुष्य संगीताला वाहिले. १९०४ मध्ये ते दक्षिण भारताच्या प्रवासाला निघाले. मद्रास, तंजावर, मदुराई, एट्टयापुरम अशा ठिकाणी त्यांनी पंडितांच्या भेटी घेतल्या आणि हस्तलिखितांचे संग्रह पाहिले. व्यंकटमखी यांचा ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ हा ग्रंथ त्यांना याच शोधात मिळाला. पुढच्या काही वर्षांत नागपूर, हैदराबाद, कलकत्ता, बनारस, अलाहाबाद, लखनौ, दिल्ली, जयपूर असा देश त्यांनी पालथा घातला.

जेथे जात तेथे ते प्रश्नांची यादी बरोबर नेत. भेटी संपल्या की दिवसभराची हकीकत वहीत टिपून ठेवत. पुष्कळ ठिकाणी निराशा पदरी आली. कोणी टाळाटाळ केली, कोणी उगाच विद्वत्तेचा आव आणला. पण काही ठिकाणी दारे उघडलीही. ग्वाल्हेरचे एकनाथ पंडित आणि जयपूरचे मुहम्मद अली खाँ यांच्या परंपरेतील बंदिशी त्यांना मिळाल्या. रामपूर दरबारात तर त्यांनी स्वतः नवाब हमीद अली खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. तानसेनाच्या परंपरेतील बीनकार वझीर खाँ हे त्या दरबाराचे भूषण होते. जी रीत बदलावी असे वाटत होते, त्याच रीतीने शिष्य होऊन त्यांनी ही विद्या मिळवली. त्या वेळी ते नवखे विद्यार्थी नव्हते. संगीताचे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव झालेले होते.

शास्त्र आणि प्रत्यक्ष

गोळा केलेल्या सामग्रीचे आता काय करायचे, हा पुढचा प्रश्न होता. ग्रंथांत एक आणि गवयाच्या गळ्यात दुसरे, अशी स्थिती होती. अनेक पंडित अशा वेळी ग्रंथाला खरे मानून गवयाला चूक ठरवत. भातखंड्यांनी याच्या उलट मार्ग धरला. जे आज प्रत्यक्ष गायले जाते, त्यालाच त्यांनी मुख्य प्रमाण मानले. नियमांनी त्याच्या मागून यावे, अशी त्यांची दृष्टी होती. त्यांनी चतुरपंडित या टोपणनावाने लिहिलेल्या संस्कृत ग्रंथाचे नाव ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ असे आहे. लक्ष्य म्हणजे प्रत्यक्षात आढळणारे संगीत. उद्देश आणि परिणाम यांच्याविषयी त्यांनी जी कसोटी लावली, तीच शास्त्र आणि व्यवहार यांच्याविषयीही लावली, असे या नावावरून म्हणता येते.

प्रचलित रागांची त्यांनी दहा थाटांत मांडणी केली. बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी हे ते दहा थाट होत. गाणे कागदावर उतरवण्यासाठी त्यांनी सोपी स्वरलिपी तयार केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकातील स्वराखाली बिंदू आणि तार सप्तकातील स्वरावर बिंदू, एवढी तिची मुख्य चिन्हे. अक्षरओळख असलेल्या कोणालाही ती थोड्या दिवसांत कळू शकते.

‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’ हा त्यांचा विस्तृत ग्रंथ मराठीत आहे. १९१० ते १९३२ या काळात त्याचे चार भाग प्रसिद्ध झाले. गुरू आणि शिष्य यांच्या संवादाच्या रूपाने तो लिहिलेला असल्यामुळे अवघड विषयही सहज उलगडत जातो. ‘क्रमिक पुस्तकमालिका’ या सहा भागांच्या मालिकेत तर त्यांनी सुमारे १८०० बंदिशी स्वरलिपीसह छापल्या. जी चीज मिळवण्यासाठी पूर्वी वर्षानुवर्षे सेवा करावी लागे, ती आता पुस्तकाच्या किमतीत कोणाच्याही हाती येऊ लागली.

लखनौचे महाविद्यालय

पुस्तके झाली, पण पुस्तकाने गळा तयार होत नाही, हे भातखंडे जाणत होते. त्यासाठी विद्यालये हवी होती. १९१६ मध्ये महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. वेगवेगळ्या घराण्यांचे उस्ताद आणि पंडित तेथे एकत्र आले. संगीताची राष्ट्रीय अकादमी स्थापन करण्याचा विचारही पुढे आला. पुढच्या परिषदा दिल्ली आणि बनारस येथे झाल्या. १९१८ मध्ये महाराजा माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय सुरू झाले. तेथील राजाभैया पूंछवाले आदी गायकांनी आधी मुंबईला येऊन भातखंड्यांची पद्धत शिकून घेतली होती.

राष्ट्रीय अकादमीसाठी मात्र पैसा उभा राहिला नाही. १९२५ च्या आसपास चौथी आणि पाचवी परिषद लखनौला भरली, तेव्हा या विचाराला वेगळी वाट मिळाली. दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली यांनी पुढाकार घेतला. त्यांचे आप्त राय राजेश्वर बली हे त्या वेळी संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये लखनौत संगीत महाविद्यालय सुरू झाले. त्या वेळचे गव्हर्नर सर विल्यम मॅरिस यांचे नाव त्याला देण्यात आले. पुढे हे महाविद्यालय कैसरबागेतील परीखाना या इमारतीत आले. या वास्तूत एके काळी वाजिद अली शाह यांच्या दरबारासाठी स्त्रियांना नृत्यगायन शिकवले जाई. आता तेथे सामान्य घरांतील मुलगे आणि पुढे मुलीही वही-पेन्सिल घेऊन रागांचे धडे घेऊ लागल्या.

या महाविद्यालयात एक महत्त्वाची गोष्ट घडली. लखनौच्या तबल्याच्या घराण्याचे प्रमुख आबिद हुसेन खाँ, सरोदवादक सखावत हुसेन खाँ यांच्यासारखे घराणेदार कलावंत तेथे शिक्षक झाले. बाहेरच्या मुलांना विद्या देणे हे आता नुकसानीचे राहिले नाही; त्याचाच पगार मिळू लागला. ज्या भीतीपोटी विद्या झाकली जात होती, त्या भीतीवर थोडा तरी उपाय झाला.

भातखंडे मुंबईहून वेळोवेळी लखनौला येत, वर्ग पाहत, परीक्षा घेत. आपला शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर याला त्यांनी या महाविद्यालयाकडे पाठवले. रातंजनकर पदवीधर होते. बडोद्यात उस्ताद फैयाज खाँ यांची तालीमही त्यांना मिळाली होती. १९२८ मध्ये ते प्राचार्य झाले आणि जवळजवळ तीन दशके त्यांनी ही धुरा वाहिली.

आपल्याच कसोटीवर

भातखंड्यांनी जुन्या व्यवस्थेला जी कसोटी लावली, ती त्यांच्या नव्या व्यवस्थेलाही लागणे साहजिक होते. टीकाकारांनी विचारले की, या महाविद्यालयांतून गवई किती निघाले? परीक्षा उत्तीर्ण झालेले पुष्कळ निघाले, रागाची व्याख्या घडाघडा सांगणारे निघाले. पण मैफल रंगवणारे किती? हा आक्षेप निराधार नव्हता. मींड, गमक आणि आवाजाचा लगाव कागदावर पूर्णपणे उतरत नाही. ठरावीक तासांच्या वर्गात तीस जणांना एकदम शिकवताना प्रत्येकाच्या गळ्याकडे लक्ष देता येत नाही. विसाव्या शतकातील मल्लिकार्जुन मन्सूर, भीमसेन जोशी, किशोरी आमोणकर यांच्यासारखे थोर गायक घडले ते प्रामुख्याने गुरूसमोर बसूनच.

आक्षेप आणखीही आहेत. सर्व राग दहा थाटांत नीट बसत नाहीत. कोणती चीज कोणत्या उस्तादाकडून मिळाली, हे पुस्तकांत बहुतेक ठिकाणी सांगितलेले नाही. त्यामुळे ज्यांनी ती पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांची नावे मागे पडली. उस्तादांविषयी, विशेषतः मुसलमान उस्तादांविषयी, भातखंड्यांची काही मते कठोर आणि एकांगी होती, असे अलीकडच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. ज्यांच्याकडून आपण घेतो, त्यांचे ऋण मोकळेपणाने मान्य करावे, ही अपेक्षा येथे पुरती पूर्ण झाली नाही.

पण परिणामांवरून पारख करायची, तर सगळेच परिणाम मोजले पाहिजेत. या महाविद्यालयाने मैफलीचे गवई थोडे दिले असतील. जाणकार शिक्षक आणि श्रोते मात्र मोठ्या संख्येने दिले. सुमती मुटाटकर येथे शिकल्या आणि पुढे दिल्ली विद्यापीठात संगीताच्या प्राध्यापक झाल्या. लखनौचेच तलत महमूद येथे शिकले आणि गझल व चित्रपटगीतांचे लाडके गायक झाले. संगीतकार रोशन येथलेच विद्यार्थी. श्रीलंकेतून सुनील शांत आणि पुढे अमरदेव येथे आले आणि आपल्या देशाच्या संगीतात त्यांनी नवे पर्व सुरू केले. यांपैकी बरेच जण गवयांच्या घराण्यातले नव्हते. जुन्या रीतीत त्यांना दाराबाहेरच थांबावे लागले असते.

रातंजनकरांनी टीकेतला खरा भाग ओळखला होता. वर्गात जे उणे पडते, ते भरून काढण्यासाठी त्यांनी काही विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी ठेवून घेतले आणि गुरुकुलासारखी तालीम दिली. के. जी. गिंडे लहान वयात लखनौला येऊन त्यांच्याजवळ राहिले. एस. सी. आर. भट यांनाही त्यांची अशीच तालीम लाभली. जुन्या रीतीतले जे चांगले होते, ते नव्या व्यवस्थेने असे परत स्वीकारले. परिणाम पाहून स्वतःला सुधारणे ज्या व्यवस्थेला जमते, तिचा सांगितलेला उद्देश हळूहळू खरा होत जातो.

अखेरचा काळ

१९३३ मध्ये भातखंड्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि ते अंथरुणाला खिळले. तरीही पुस्तकांचे काम सुटले नाही. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ‘क्रमिक पुस्तकमालिके’चा सहावा भाग त्यांच्या पश्चात १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्यानंतर लखनौच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले. २००० मध्ये या संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये तिचे राज्य विद्यापीठ झाले.

भातखंड्यांच्या चरित्रातून एक गोष्ट स्पष्ट होते. व्यवस्थेचा उद्देश कितीही उदात्त शब्दांत मांडलेला असो, तिच्यातून काय निघते, ते कोणाच्या वाट्याला येते आणि कोण बाहेर राहते, हे पाहिल्यावाचून तिची ओळख पटत नाही. त्याचबरोबर हेही खरे की, एखादाच परिणाम पाहून निकाल देणे अन्यायाचे ठरते. घराण्यांनी विद्या झाकली, हे जितके खरे, तितकेच घराण्यांनी थोर कलावंत घडवले, हेही खरे. महाविद्यालयाने थोर कलावंत थोडे दिले, हे जितके खरे, तितकेच त्याने हजारोंना पहिला स्वर दिला, हेही खरे. आज वय झाल्यावर, नोकरी किंवा घरकाम सांभाळून एखादी व्यक्ती हार्मोनियम पुढे ओढते आणि पुस्तकातली भूप रागाची सरगम जुळवून पाहते. तिने कोणाचा गंडा बांधलेला नसतो. तिला अडवणारे दार आता तेथे नाही. भातखंड्यांच्या कार्याची पारख करताना हा परिणामही मोजावा लागतो.

स्वाध्याय

१. वकिलीतील कोणती सवय भातखंड्यांना संगीताच्या अभ्यासात उपयोगी पडली?

२. घराण्याच्या रीतीचा सांगितलेला उद्देश आणि तिचा प्रत्यक्ष परिणाम यांत कोणता फरक होता?

३. उस्ताद आपली विद्या राखून का ठेवत? लखनौच्या महाविद्यालयामुळे या परिस्थितीत कोणता बदल झाला?

४. भातखंड्यांच्या पद्धतीवरील कोणतेही दोन आक्षेप लिहा. ते आपल्याला पटतात का? कारणे द्या.

५. आपल्या गावातील किंवा वस्तीतील एखादी व्यवस्था निवडा. तिचा सांगितलेला उद्देश, तिचे प्रत्यक्ष परिणाम आणि तिचा लाभ न मिळणारी माणसे यांविषयी दहा-बारा ओळी लिहा.